पहिल्या धारेची शिकेकाई

पुष्पाबाईंचं स्पष्ट म्हणणं होतं, की पोलीस खात्याने त्यांना घेतलं नाही यात नुकसान झालं ते पोलीस खात्याचं! "एक नजर टाकली ना, की माणूस काय खाऊन आला आणि कोणाशी खोटं बोलून आला ते सांगते मी!" असं त्या सुरतच्या पर्वत पाटिया भागातल्या आपल्या सोसायटीत जिन्यावर उभ्या राहून सांगायच्या, आणि ऐकणाऱ्या बायका नकळत पदराने तोंड पुसायच्या.

या नजरेचा खरा उपयोग व्हायचा तो लग्नं जुळवताना. सुरतेत आपली खान्देशी मंडळी ढिगाने, पण कोण कुठल्या गावाहून कसा आला याचा पत्ता कोणाला? गावाकडे कसं, मुलाच्या पणज्याने कोणाची म्हैस सोडून नेली होती तेही बसल्या जागी कळतं. इथे बायोडेटाच्या एका कागदावर मुलगी द्यायची! म्हणून नात्यात कोणाकडेही स्थळ आलं, की पत्रिका जायची गुरुजींकडे आणि पत्ता यायचा पुष्पाबाईंकडे. मग पुष्पाबाई त्या पत्त्यावर जाऊन भाजीवाली, इस्त्रीवाला, भंगारवाला अशी खालून वरपर्यंत चौकशी करायच्या. पत्रिका बहुतेक वेळा जुळायची. पुष्पाबाईंचं जुळायचं नाही.

आणि मग त्यांच्या स्वतःच्याच मुलीची पाळी आली!

मृणाल शाळेत शिकवायची. मुलगी गुणाची, शांत, दिसायला नक्षत्रासारखी. स्थळं चांगली चांगली आली आणि एकेक करून पुष्पाबाईंच्या हातून गेली. एक मुलगा बुटाची नाडी न सोडताच बूट काढतो म्हणून गेला. ("एवढा धीर नाही, संसार काय करणार?") दुसऱ्याची आई फार हसते म्हणून गेला. ("एवढं हसायला झालंय काय? काहीतरी लपवतेय!") तिसऱ्याच्या घरात काहीच खोट सापडली नाही, म्हणून तर त्याला सगळ्यात आधी नकार गेला. इतकं स्वच्छ घर कोणाचं असतं का हो?

पुष्पाबाईंचे यजमान हेमराजराव पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. ते आयुष्यभर साहेबाला "हो साहेब" म्हणाले आणि घरी "हो गं" म्हणाले. त्यामुळे ते घरात आहेत हे पाहुण्यांना चहाचे कप मोजल्यावरच कळायचं.

मग आलं योगराजचं स्थळ. मुलगा भेस्तानला राहणारा, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यात लॅबमध्ये नोकरीला. वडील धुडकूभाऊ, लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात जन्म घालवून आता घरी बसलेले. आई इंदुबाई. मुलगा बोलायला गोड, मान खाली घालून बसणारा, केस एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला नीट नेऊन ठेवलेले, आणि हात सारखा त्यांच्यावर. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन बोलून आली, आणि खाली आल्याबरोबर मृणालने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, मला हाच करायचाय."

"अगं, चौकशी तरी—"

"आई!" मृणालचा आवाज कधी चढायचा नाही, तो चढला. "हे स्थळ तू मोडलंस ना, तर मी लग्नच करणार नाही. आणि मी हे रागाने बोलत नाहीये. खरंच नाही करणार."

साखरपुड्याची तारीख ठरली, हॉल ठरला, नातेवाइकांना फोन गेले. पण पुष्पाबाईंचं मन काही ठरेना.

आता तुम्ही म्हणाल, बाई किरकिरी आहे. आहेच! पण त्याला कारण होतं. त्यांची धाकटी बहीण रुक्मिणी. तिला अशीच घाईत देऊन टाकली होती. मुलगा गोरागोमटा, शेतीवाडी बरी, सगळे खूश. पितो का, हे कोणी विचारलंच नाही. पुढे रुक्मिणीने जे भोगलं ते पुष्पाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो माणूस गेला, रुक्मिणी आता उधन्याला मुलाकडे सुखाने राहत होती. पण एका तरी माणसाने तेव्हा पानाच्या ठेल्यावर जाऊन विचारायला हवं होतं, हे पुष्पाबाईंच्या काळजात रुतून बसलेलं. तेव्हापासून त्या विचारत सुटल्या होत्या. आणि मृणाल तर त्यांच्या काळजाचा तुकडा होती. तिच्यासाठी विचारायचं नाही, असं कसं?

म्हणून साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात, मृणाल शाळेत गेल्याबरोबर, पुष्पाबाईंनी ओढणी काढली. सुरतेच्या उन्हात स्कूटरवर बसणाऱ्या बायका तोंडाला, डोक्याला ओढणी अशी गच्च गुंडाळतात, की नुसता गॉगल दिसतो. तिला इथे बुकानी म्हणतात. बुकानी बांधली की सख्खी सासू शेजारून गेली तरी सून ओळखत नाही, आणि म्हणूनच बहुतेक ती बांधतात. पुष्पाबाईंनी बुकानी बांधली, वर गॉगल चढवला आणि हेमराजरावांच्या मागे बसून भेस्तानला निघाल्या.

पहिला भंगारवाला. कुठल्याही घराचं खरं रूप भंगारात दिसतं, हा पुष्पाबाईंचा सिद्धांत.

"भाई, त्या समोरच्या घरातून बाटल्याबिटल्या येतात का हो विकायला?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

भंगारवाला हसला. "ना बेन! ए लोको खाली बाटली वेचता नथी. ए तो मारी पासेथी लई जाय छे!"

लोक भंगारवाल्याला बाटल्या विकतात. हे लोक भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या घेऊन जातात! काचेच्या! बूचवाल्या!

दुसरा इस्त्रीवाला भय्या. त्याने तर इस्त्री बाजूला ठेवून सांगितलं. "मैडम, हर शनिवार बहुत बास आती है उनके यहाँ से. खिड़की बंद, दरवाज़ा बंद. और लोग आते हैं, टोपी पहन के, मुँह नीचे कर के. पीछे के दरवाज़े से काली थैली ले के निकल जाते हैं."

"टोपी घालून? या उन्हाळ्यात?"

"शाम को भी मैडम! सूरज डूबने के बाद भी टोपी!"

आता हिशेब मांडा. गुजरात म्हणजे दारूबंदीचं राज्य. इथे बाटली नुसती पिशवीत किणकिणली तरी रिक्षावाला आरशातून मागे बघतो. अशा राज्यात, बंद दाराआड, शनिवारी-शनिवारी, उग्र वास, रिकाम्या बाटल्या, टोपीवाली गिऱ्हाइकं, मागचं दार आणि काळी पिशवी! तुम्ही मघाशीच शीर्षक वाचून बसलात, म्हणून गालातल्या गालात हसताय. तुमचं काय जातंय? तुमच्या मुलीचा साखरपुडा नव्हता!

"अहो, हातभट्टी!" स्कूटरजवळ येऊन पुष्पाबाई हेमराजरावांच्या कानात ओरडल्या. "घरात भट्टी लावलीय हो त्यांनी!"

"काय सांगतेस!" हेमराजराव म्हणाले. त्यांचे डोळे एकदम चमकले. "मग आता? शनिवारी यायचं का परत?"

नवऱ्याने आपण होऊन काही सुचवण्याची ही कित्येक वर्षांतली पहिली वेळ. पोरीच्या काळजीने माणूस बदलतो, असं वाटून पुष्पाबाईंना गहिवरून आलं.

शनिवारी दोघं पुन्हा गेली. हेमराजराव कोपऱ्यावर स्कूटर घेऊन थांबले. पुष्पाबाई बुकानी आवळून मागच्या गल्लीत शिरल्या आणि वास आला! कडवट, आंबूस, वर जळक्या तेलाचा एक थर. काहीतरी आंबवलंय, काहीतरी उकळतंय, आणि वास झाकायला वरून तेल तापवलंय. केवढी ही अक्कल!

त्यांनी दार वाजवलं. इंदुबाईंनी दार बोटभर उघडलं.

"माल छे?" पुष्पाबाईंनी आवाज जाड करून गुजरातीत विचारलं.

"छे ने!" इंदुबाई कुजबुजल्या. "कोना माटे?"

"घरवाळा माटे." कोणासाठी, तर नवऱ्यासाठी!

पुढचं सगळं बोलणं गुजरातीतच झालं, पण आपण ते आपल्या मराठीत ऐकू.

"किती वर्षं झाली त्यांच्या त्रासाला?" इंदुबाईंनी मायेने विचारलं.

पुष्पाबाईंनी ठोकून दिलं. "लग्न झालं आणि सुरूच झालं."

"सगळ्यांचं तेव्हाच सुरू होतं बाई! टेन्शन असतं ना. बरं, रोज नाही हं द्यायचं. आठवड्यातून दोनदा पुरे. आधी थोडं, मग अंदाज घेऊन वाढवा."

बाई गुन्हेगार असली तरी प्रामाणिक आहे, असं पुष्पाबाईंना वाटून गेलं. त्यांनी दाराच्या फटीतून आत डोळा लावला. आणि काय बघतात! गॅसवर मोठं पातेलं रटरटतंय, शेजारी लोखंडी कढईत तेल. आणि जमिनीवर, बनियन घालून, डोक्याला टोपी घालून, त्यांचा होणारा जावई! एका घमेल्यातल्या काळपट पाण्यात त्याने रबराची नळी सोडलेली. नळीचं दुसरं टोक तोंडात धरून त्याने जोरात ओढलं, गाल फुगवले, थू करून थुंकला आणि नळी झटकन बाटलीत घातली. धार लागली.

पहिली धार! आणि चाखून बघतोय मेला!

"हा माझा मुलगा," इंदुबाई म्हणाल्या. "तोच सगळं करतो. स्वतःही घेतो नियमाने. पण बाई, बाहेर कुठे बोलू नका हं! त्याचा साखरपुडा आहे. मुलीकडच्यांना कळलं तर पंचाईत व्हायची!"

मुलीकडच्यांचे गॉगलमागचे डोळे पांढरे झाले.

"घ्या," इंदुबाईंनी काळ्या पिशवीत बाटली दिली. "आधी फरक बघा, मग पैशाचं."

पहिली बाटली फुकट! नाद लावायची हीच तर रीत असते. पुष्पाबाई पिशवी छातीशी धरून गल्लीतून अशा सुटल्या, की कोपऱ्यावर हेमराजरावांना त्या दिसल्या त्या थेट मागच्या सीटवरच.

"बघू," हेमराजराव म्हणाले.

"काय बघू? चला घरी!" आणि स्कूटर सुरू व्हायच्या आधीच त्यांनी रुक्मिणीला फोन लावला. घाबरल्या, की त्यांच्या तोंडून घरची अहिराणी यायची. "रुक्मे! आते काय करू व माय! मुलाकडे भट्टी शे! दारूनी भट्टी!"

इथे पुष्पाबाई चुकल्या. रुक्मिणीला एखादी गोष्ट सांगणं आणि लाउडस्पीकरवर सांगणं यात फरक एवढाच, की लाउडस्पीकर मध्ये कधी बंद पडतो.

घरी मृणाल आली होती. पुष्पाबाईंनी बाटली टेबलावर ठेवली आणि हुंदका दिला. "बघ! बघ तुझ्या योगराजचे धंदे! डोळ्यांनी बघून आलेय मी. तुझ्या मावशीचं झालं ते तुझं होऊ देणार नाही मी. मेले तरी होऊ देणार नाही!"

मृणालने बाटलीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग बूच उघडलं, थोडं तळहातावर ओतलं, नळाखाली हात धरला आणि चोळला. पांढराशुभ्र फेस आला. मनगटापर्यंत.

"आई, शांपू आहे हा."

"काय?"

"शांपू. रिठा, शिकेकाई, आवळा, मेथी. तीळ, एरंडी आणि खोबऱ्याचं तेल. आणि आंबवलेलं तांदळाचं पाणी."

"तांदूळ आंबवतात?" पुष्पाबाईंचा डोळा बारीक झाला. "मृणाल, तांदूळ आंबवूनच तर—"

"आई!" मृणाल खाली बसली. "योगराजचे केस गळतात. खूप. गच्चीवर त्याने ते बाजूचे केस उचलून मला दाखवलं. म्हणाला, हे असं आहे, पुढे आणखी कमी होणार आहे, तुला नको असेल तर आत्ताच सांग. कोण सांगतं गं असं? म्हणून मी त्याला हो म्हटलं. त्याच्या आईला वाटतं, टक्कल कळलं तर लग्न मोडेल, म्हणून बिचारी लपवते. त्याच्या कारखान्यातली पोरं नेतात शांपू, लग्नाची पोरं. ती लाजतात, म्हणून टोपी."

आयुष्यात पहिल्यांदा पुष्पाबाईंना आपल्या नजरेची लाज वाटली. मुलगा नुसता निर्व्यसनी नव्हता, खरा होता. आणि त्या त्याला भट्टीवाला म्हणून आल्या होत्या! बरं, म्हणून आल्या होत्या त्याही कोणाला? रुक्मिणीला!

एवढ्यात फोन वाजला. लिंबायतहून नाना. हेमराजरावांचे चुलतभाऊ, घरातले वडीलधारे. गुडघ्यामुळे साखरपुड्याला जमणार नाही, असं त्यांनी चार दिवसांपूर्वीच कळवलं होतं.

"वहिनी! मी येतोय हं साखरपुड्याला!" नानांचा आवाज विशीतला वाटत होता. "सकाळीच येतो. घरचं कार्य आहे!"

"आणि गुडघा?"

"गुडघा काय, गुडघ्याला उपाय मिळेल तिथेच!"

मग फोनांची रांग लागली. ज्यांना रजा नव्हती त्यांना रजा मिळाली. ज्यांचं बोलणं बंद होतं त्यांचं बोलणं सुरू झालं. बायका कोणीच येत नव्हत्या, नुसते पुरुष येत होते, आणि प्रत्येक जण शेवटी हळूच विचारत होता, "मुलाकडची मंडळी वेळेवर येतील ना? सगळं घेऊन?"

पुष्पाबाईंनी उलटे फोन लावायला सुरुवात केली. "नाना, ते भट्टीचं खोटं आहे हो! शांपू आहे, शांपू!"

"हो हो, शांपू! शांपूच!" नाना खदखदून हसले. "कळतं आम्हाला वहिनी. फोनवर दुसरं काय म्हणणार!"

"अहो, देवाशपथ शांपू आहे! डोक्याला लावतात!"

"डोक्यालाच लागते ती! वा वहिनी, वा!"

जन्मभर पुष्पाबाईंनी कोणावर विश्वास ठेवला नव्हता. आता त्या घसा फोडून खरं सांगत होत्या आणि नात्यातला एकही माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता! शेवटी हेमराजरावांना समोर बसवून त्यांनी बजावलं, "निदान तुम्ही तरी ऐका. शांपू आहे तो. नानांवर नजर ठेवायची."

"हो गं," हेमराजराव म्हणाले.

मृणाल झोपायला जाताना दारात थांबली. "आई, आपण त्यांना भट्टीवाले म्हटलं, हे त्याच्या आईच्या कानावर गेलं तर ती साखरपुड्याच्या पाटावरून उठून जाईल. आणि मी तिला दोष देणार नाही." पुष्पाबाईंना त्या रात्री झोप लागली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी हॉल गच्च. पुष्पाबाईंनी पैठणी नेसली होती, पण चेहरा दुखवट्याला आल्यासारखा. नाना दिसले, की त्या आडव्या यायच्या. नाना पाणी प्यायला उठले, की या पाठोपाठ. पण मुलीच्या आईला साखरपुड्यात एका जागी कोण उभं राहू देतं? गुरुजींनी हाक मारली, आणि त्या वळल्या तेवढ्यात नानांनी धुडकूभाऊंना खांबाआड गाठलंच.

"व्याही," नाना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलले, "आमचीही काही सोय करा की. कळलंय आम्हाला सगळं."

धुडकूभाऊ साधा माणूस. त्यांनी नानांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे कानांवर दोन झुपके सोडले तर सगळं मोकळं मैदान. धुडकूभाऊंना वाईट वाटलं. "कळलं का तुम्हाला? अहो, मग लाजायचं काय त्यात! घरोघरी हाच त्रास. गाडीत कारखान्यातल्या पोरांसाठी आणलेलं खोकं आहे, देतो काढून."

"आमचे हे चार-पाच भाऊही आहेत."

धुडकूभाऊंनी भावांकडे पाहिलं. घराण्यात एकाच्याही डोक्यावर धड पीक नव्हतं. "अरे रामा! या, सगळेच या!"

पुष्पाबाईंनी हे स्टेजवरून पाहिलं. धुडकूभाऊ पुढे, मागे नाना आणि त्यांच्यामागे अख्खं सासर रांगेने मागच्या दाराकडे चाललं होतं. नानांचा गुडघा तर आता लंगडतही नव्हता! पण इंदुबाई मृणालची ओटी भरत होत्या आणि पुष्पाबाईंचा हात गुरुजींनी कलशावर धरून ठेवलेला. थोड्या वेळाने धुडकूभाऊ एकटेच परत आले, कारण अंगठीच्या वेळी मुलाचा बाप हवा म्हणून त्यांना हाक गेली होती. म्हणजे बाटल्या तिकडे आणि त्या कशा वापरायच्या हे सांगणारा माणूस इकडे!

अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या वाजल्या. पुष्पाबाई पैठणी सावरत मागच्या दाराकडे पळाल्या.

हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ सभा भरली होती. प्रत्येकाच्या हातात चहाचा कागदी कप. नानांनी पहिला घोट मारला होता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण घराण्यातल्या वडील माणसाने माघार कशी घ्यायची?

"कशी आहे नाना?"

"जोरदार!" नाना कसेबसे बोलले. "अस्सल! घसा ओरबाडत जाते ती खरी!"

हे ऐकून बाकीच्यांनी डोळे मिटून कप रिकामे केले. मग त्या कडू जहर चवीने सगळ्यांची तोंडं जी वाकडी झाली, ती सरळ करायला प्रत्येक जण नळाकडे धावला, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि खळखळून चूळ भरली.

बस! जे व्हायचं ते झालं. रिठा तो, त्याला पाणी मिळालं! नानांच्या मिशीतून फेस आला. मग नाकातून आला. त्यांच्या धाकट्या भावाने "आई गं" म्हणायला तोंड उघडलं तर फेसच बाहेर आला. सगळे एकमेकांकडे बघून घाबरले, आणि घाबरून आणखी चुळा भरू लागले.

"अहो, काय झालं?" पुष्पाबाईंच्या मागून इंदुबाई आणि धुडकूभाऊ धावत आले. त्यांच्यामागे योगराज आणि मृणाल. इंदुबाईंनी बाटली पाहिली, कप पाहिले. "अगं बाई! प्यायलात? कशाला प्यायलात? तुम्हाला वाटलं तरी काय हे?"

फेसाची फुसफुस तेवढी ऐकू येत होती. मृणालने आईकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी डोळे मिटले. संपलं. आता नाना सांगणार, की वहिनींनीच कळवलं, भट्टी आहे म्हणून!

पण मंडळी, हे गुजरात! भरल्या साखरपुड्यात, नव्या व्याह्यांसमोर, आपण काय समजून प्यायलो हे कोण सांगणार? नानांनी फेस पुसला, घसा खाकरला. "आम्हाला वाटलं... काढा आहे. गुडघ्याचा."

"हो, काढाच!" सगळे एका आवाजात फेसाळले. "गुडघ्याचाच!"

"अहो, मी केसांना म्हणून दिलं होतं!" धुडकूभाऊ कपाळावर हात मारून म्हणाले. आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

इंदुबाईंचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं. "आता कळलंच तुम्हाला, तर सांगते विहीणबाई. योगराजचे केस जातायत. आम्ही लपवलं. तुम्ही एवढी चौकशी करणारी माणसं, म्हणून भीती वाटली हो."

पुष्पाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "केसांचं काय घेऊन बसलात विहीणबाई! केस गेले तर जाऊ द्या. माणूस शुद्धीत राहणारा आहे, खरं बोलणारा आहे. मला दुसरं काय हवं होतं?"

"केवढं मोठं मन तुमचं!" इंदुबाई त्यांच्या गळ्यात पडल्या. त्यांच्या खांद्यावरून पुष्पाबाईंना मृणाल दिसली. ती हसू दाबत होती आणि योगराजने पहिल्यांदाच केसांवरचा हात काढला होता.

सगळं निभावलं! मंडळी तोंड धुऊन जेवणाकडे वळली. पुष्पाबाईही परत फिरणार, तेवढ्यात टाकीच्या पलीकडून कोणीतरी खोकलं.

त्या वळसा घालून गेल्या. टाकीला टेकून हेमराजराव बसले होते. हातात कप. हनुवटीपासून नव्या सदऱ्यापर्यंत फेस.

"तुम्ही?" पुष्पाबाई किंचाळल्याच. "अहो, तुम्हाला तर सांगितलं होतं मी, शांपू आहे म्हणून!"

"हो गं. पण तूच म्हणतेस ना, खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवू नये."

"मग झाली खात्री?"

"झाली ना!" हेमराजराव मनापासून बोलू लागले. "यात काहीच नाही. उगीच बदनाम केलं आपण त्यांना. जिभेवर तो चटका नाही, घशातून उतरताना ती ऊब नाही, आणि दुसऱ्या घोटाला जे डोक्यात हळूहळू..."

ते थांबले. पण उशीर झाला होता. पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून अगदी जवळ आल्या. जगातल्या प्रत्येक घरावर रोखलेली ती नजर आता पहिल्यांदाच स्वतःच्या नवऱ्यावर येऊन थांबली.

"कसली ऊब हो?"

हेमराजरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द काही आला नाही. एक भलामोठा फुगा तेवढा आला, आणि दोघांच्या मध्ये फट्‌दिशी फुटला.